रिकामी होणारी खोली

भाचीच्या अर्जातली एक चौकट गेले काही महिने माझा पिच्छा सोडत नाही. परदेशात पुढचे शिक्षण घ्यायचे म्हणून ती अर्ज भरत होती, आणि भाषा तपासून देण्याचे काम घरातला ‘लिहिणारा माणूस’ म्हणून माझ्याकडे आले होते. बाकीचा अर्ज सरळ होता: नाव, जन्मतारीख, गुण, पैशांची तजवीज. शेवटच्या पानावर मात्र एक मोठी पांढरी चौकट होती आणि तिच्या डोक्यावर प्रश्न होता, ‘तुम्ही हाच देश का निवडला?’ उत्तराला १५० शब्दांची मर्यादा. तिने १४३ शब्द लिहिले होते आणि त्यांत बोट ठेवायला जागा नव्हती. शिक्षणाचा दर्जा, संशोधनाची परंपरा, अनेक संस्कृतींना सामावून घेणारा समाज, कायद्याचे राज्य, सगळे जिथल्या तिथे होते. मी एक स्वल्पविराम हलवला, एक जादा विशेषण काढले, आणि काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, “हे झालं अर्जापुरतं. खरं कारण काय?” स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली, “माझी मैत्रीण राहते ना तिथे, तिच्या घरातली एक खोली सप्टेंबरात रिकामी होतेय.”

आणि तिने अर्ज सेव्ह केला.

तेव्हा मी हसलो. रात्री मात्र ते वाक्य पुन्हा वर आले, कारण मीही कधीकाळी एका देशात अकरा वर्षे राहिलेलो आहे आणि तो देश मी कसा निवडला हे मला पक्के ठाऊक आहे. मी दोन देशांतल्या दोन विद्यापीठांना अर्ज केले होते. एकाचे उत्तर आधी आले. पातळ, कडकडीत कागदाचा तो लिफाफा हातात घेतला तेव्हा आत पत्र आहे की नुसतीच घडी, असा प्रश्न पडावा इतका तो हलका होता. दुसऱ्याचे उत्तर अठरा दिवसांनी आले. तेही होकाराचे होते आणि त्यातली शिष्यवृत्ती थोडी मोठी होती. परंतु मधल्या काळात अनामत रक्कम भरून झाली होती, नातेवाइकांना कळवून झाले होते आणि मनाने मी तिकडे जाऊन पोहोचलोही होतो. पुढे कुणी विचारले की मी तिथल्या ग्रंथालयांविषयी बोलत असे. मोकळ्या वातावरणाविषयी बोलत असे. ते खोटे नव्हते. वर्षानुवर्षे सांगत गेल्याने ती कारणे खरी होत गेली, आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या त्या ग्रंथालयांवर मी मनापासून प्रेमही केले. फक्त, क्रम उलटा होता. देशाचे नाव मुद्दामच सांगत नाही. ते सांगितले की वाचणारा उरलेली कारणे आपल्या मनाने भरून टाकतो.

या विषयावर पंडितांनी लिहिलेले पुष्कळ आहे, आणि त्याची सुरुवात एका स्थलांतरितानेच केली हे मला फार आवडते. फ्रँकफर्टमध्ये जन्मलेले अर्न्स्ट जॉर्ज रावेनस्टाइन वयाच्या अठराव्या वर्षी इंग्लंडला आले, तिथेच स्थायिक झाले आणि १८८५ मध्ये जनगणनेचे आकडे समोर ठेवून त्यांनी स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसे जवळच जातात, लांब जाणारी माणसे व्यापार-उद्योगाच्या मोठ्या केंद्रांकडे जातात, आणि जाणाऱ्या प्रत्येक प्रवाहाबरोबर परत येणारा एक प्रवाह असतोच, ही त्यांची निरीक्षणे आजही बऱ्यापैकी टिकून आहेत. पुढे १९६६ मध्ये एव्हरेट ली यांनी ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या कारणांची मांडणी केली आणि मधल्या अडथळ्यांनाही त्यात स्थान दिले. लोकांच्या लक्षात राहिले ते ढकलणे आणि ओढणे. अडथळे विसरले गेले. त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर चित्र येते ते एखाद्या माणसाने नकाशा पसरून, तराजू घेऊन बसल्याचे: या पारड्यात पगार, त्या पारड्यात हवामान. असा माणूस मला कधी भेटलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३०.४ कोटी होते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. शंभरांतले शहाण्णव जण, तराजू कितीही झुकला तरी, जागचे हलतच नाहीत. आणि जीव वाचवण्यासाठी जे देश सोडतात त्यांच्यापैकी साधारण दोन तृतीयांश लोक शेजारच्याच देशात थांबतात. चालत जिथवर पोहोचता येते, तो त्यांचा देश.

मग जे लांब जातात, ते अमक्याच ठिकाणी का जातात? याचे उत्तर शोधताना मला नेहमी पाकव्याप्त काश्मीरमधले मीरपूर आठवते. झेलम नदीवर १९६७ मध्ये पुऱ्या झालेल्या मंगला धरणाने मीरपूर भागातल्या एक लाखाहून अधिक लोकांची घरे आणि शेते पाण्याखाली घातली. त्या भागातून कित्येक कुटुंबे ब्रिटनला गेली आणि ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅम या शहरांत स्थिरावली. वरवर पाहता हे ‘ढकलण्या’चे निर्मळ उदाहरण आहे. परंतु धरणे जगात पुष्कळ झाली आणि बुडालेल्या गावांतले लोक बहुधा शे-दोनशे मैलांवर नवी झोपडी बांधतात. मीरपूरचे लोक उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातल्या कापडगिरण्यांत गेले, कारण धरणाच्या कित्येक दशके आधीपासून त्या गावांतले तरुण ब्रिटिश आगबोटींच्या बॉयलरखोलीत कोळसा ओढण्याचे काम करत होते. त्यांतले काही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंदरावर उतरले ते तिकडेच राहिले आणि कारखान्यांत लागले. म्हणजे धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा त्या गावांना एक पत्ता आधीच ठाऊक होता. घामाने निथळत, कोळशाच्या धुळीत डोळे चोळणाऱ्या त्या पोरांना आपण पुढच्या तीन पिढ्यांचा देश ठरवतो आहोत, असे वाटले असेल का? त्यांना उतरायला मिळाले आणि ते उतरले.

माणसे देश निवडत नाहीत, पत्ता निवडतात.

पत्त्याची ताकद किती असते, याचा माझ्या संग्रहातला सर्वांत विनोदी पुरावा १९७२ चा आहे. विनोदी म्हणताना जीभ अडखळते, कारण त्या वर्षी हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली होती. ब्रिटनने पुढे सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस हजार लोकांना आश्रय दिला. लेस्टर शहराच्या नगर परिषदेला धास्ती वाटली की हे सगळे आपल्याकडेच येणार. म्हणून तिने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: आमच्या शहरात घरे नाहीत, शाळा भरल्या आहेत, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हिताचा विचार करून लेस्टरला येऊ नका. ज्यांनी आयुष्यात लेस्टरचे नाव ऐकले नव्हते त्यांनाही ते या जाहिरातीमुळे कळले. ज्यांनी ऐकले होते त्यांना एवढेच समजले की आपली माणसे तिथे आधीच इतकी आहेत की शहराला भीती वाटते आहे. लोक मोठ्या संख्येने लेस्टरलाच आले. सामानाच्या दोन पेट्या आणि चार कोवळी मुले घेऊन निघालेल्या माणसाला ‘इथे जागा नाही’ या वाक्यात ‘इथे तुमचे लोक आहेत’ एवढेच ऐकू येते. जाहिरात लिहिणाऱ्या कारकुनाला हे कुणी सांगायला हवे होते.

अर्थात पत्ता असून भागत नाही, दारही उघडे लागते. कितीतरी देशांची आजची वस्ती ही तिसऱ्याच कुठल्या तरी देशाने लावलेल्या दाराची गोष्ट असते. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी मजुरांचे स्वप्न अमेरिका होते. १९०७-०८ च्या समझोत्याने जपानने अमेरिकेत जाणाऱ्या मजुरांना पारपत्रे देणे थांबवले. इकडे इटलीने, ब्राझीलच्या कॉफीमळ्यांत आपल्या लोकांचे हाल होतात म्हणून, फुकट तिकिटावर तिथे मजूर पाठवण्यास १९०२ मध्येच बंदी घातली होती. एका ठिकाणी दार लागले, दुसऱ्या ठिकाणी हात कमी पडले, आणि २८ एप्रिल १९०८ रोजी ‘कासातो मारू’ ही बोट ७८१ करारबद्ध जपानी मजुरांना घेऊन कोबेहून निघाली ती सुमारे सात आठवड्यांनी ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागली. आज जपानबाहेर जपानी वंशाचे सर्वाधिक लोक ब्राझीलमध्ये आहेत. त्यांच्या पणजोबांना कुणी चौकट दिली असती, ‘तुम्ही हाच देश का निवडला?’ तर ते काय लिहिणार होते? गोष्ट इथेही संपत नाही. १९९० मध्ये जपानला कामगार कमी पडू लागले तेव्हा कायदा बदलून या लोकांच्या नातवंडांना बोलावून घेतले गेले, आणि २००९ च्या मंदीत त्यांनाच दर कामगारामागे तीन लाख येन देऊन परत जायला सांगितले गेले. रावेनस्टाइन यांचा उलटा प्रवाह असा ऐंशी वर्षांनीही येतो, आणि त्यालाही कुणीतरी दार उघडते आणि लावते.

आता दारांना गुणांचे कुलूप असते. कॅनडाने १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली, पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनीही तो मार्ग धरला. वंश आणि वर्ण पाहून निवड करण्यापेक्षा वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना गुण देणे कितीतरी न्याय्य आहे, यात मला शंका नाही. तरी त्या तक्त्यापुढे बसलेला माणूस पाहिला की पोटात कालवते. माझ्या ओळखीचा एक तरुण तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री उदास बसला होता, कारण कॅनडाच्या हिशेबात वयाचे पूर्ण गुण विसाव्यापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंतच मिळतात आणि तिसाव्यापासून घट सुरू होते. त्याला आधी अमेरिकेत जायचे होते. तिथे नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. देश केवढाही मोठा असो, मर्यादा तीच, त्यामुळे मोठ्या देशांतल्या लोकांची रांग आयुष्याएवढी लांब होते. रांग पाहून तो वळला. पुढे लोक त्याला विचारतील आणि तो शांत जीवनाविषयी, सरोवरांविषयी सांगेल, आणि तेही खरे असेल. गंमत अशी की कॅनडाच्या त्याच तक्त्यात सख्खे भावंड तिथे राहत असेल तर त्याचे वेगळे पंधरा गुण आहेत. जे माझ्या भाचीने चौकटीत लिहायचे टाळले, ते एका सरकारने आपल्या हिशेबात उघडपणे मांडून ठेवले आहे. आपला माणूस असणे ही पात्रता आहे, हे त्या कोरड्या तक्त्याला कळते.

ज्यांच्या नशिबी तक्ताही नाही, त्यांची निवड आणखी अरुंद. २००२ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याने आश्रय मागणाऱ्या पासष्ट जणांच्या सविस्तर मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. हे लोक सरकारी भत्त्यांच्या आशेने येतात, असा समज तेव्हा जोरात होता. मुलाखतींतून दिसले ते असे की तिथल्या भत्त्यांची आणि नियमांची त्यांना फारच थोडी माहिती होती. कुणाचे नातेवाईक होते, कुणाला भाषा थोडी येत होती, कुणाच्या मनात जुन्या वसाहतीच्या काळापासूनची एक ओळख होती. आणि कित्येकांच्या बाबतीत कुठे जायचे हे पैसे घेऊन नेणाऱ्या दलालाने ठरवले होते. मिळतील तेवढ्या पैशांत जिथवर पोहोचवता येईल, तो देश.

इथे कुणी म्हणेल की हे सगळे परिस्थितीच्या गळ्यात टाकून मी माणसाच्या इच्छेला फारच कमी लेखतो आहे. हा आक्षेप मीच स्वतःवर अनेकदा घेतला आहे, आणि प्रत्येक वेळी मला १८६५ मधले वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सचे, लोक आठवतात. इंग्रजीच्या रेट्यात आपली भाषा मरेल या भीतीने दीडशेच्या आसपास माणसे ‘मिमोसा’ नावाच्या जहाजातून थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, पॅटागोनियाला निघाली. त्यांच्या पुढाऱ्यांनी खरोखरच नकाशा पसरला होता. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या व्हँकूवर बेटाचाही विचार झाला होता. जिथे इंग्रजी बोलणारे कुणी नाही, अशी जागा त्यांना हवी होती, आणि अर्जेंटिनातला तो उजाड, वाऱ्याने सोललेला किनारा त्यांनी समजून-उमजून निवडला. हिरव्यागार कुरणांची वर्णने ऐकून आलेल्यांना तिथे कोरडी जमीन आणि खारट वारा मिळाला. तरी ती वसाहत तगली, आणि आजही तिथे वेल्श बोलली जाते. म्हणजे देश निवडता येतो. परंतु जगाच्या इतिहासात असे किती सापडतात, हे मोजू लागलो की माझी बोटे लवकर थांबतात. आणि जे सापडतात त्यांनीही जे निवडले ते बहुतेक कल्पनेतलेच असते.

स्थायिक होण्याचे तर आणखीच वेगळे. तो निर्णय मी कुणाला घेताना पाहिलेला नाही. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले, ते ‘पाहुणे’ म्हणून; काम करतील आणि जातील, अशी दोन्ही बाजूंची समजूत होती. १९७३ मध्ये नवी भरती बंद झाली तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे उमगल्यावर पुष्कळांनी जाण्याऐवजी बायकामुलांनाच बोलावून घेतले. दार लावल्याने आतले लोक आतच राहिले. माझ्या त्या अकरा वर्षांत एक सहकारी होता, माझ्यासारखाच दोन वर्षांसाठी आलेला. परत कधी जाणार, असे विचारले की तो म्हणायचा, मुलाच्या दातांची तार निघू दे. तार निघाली. मग मुलीची शालान्त परीक्षा होती, मग घराचे थोडेच हप्ते उरले होते. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी, चार वाजताच अंधारून आलेले असताना, खिडकीच्या काचेवरची वाफ बोटाने पुसत तो म्हणाला, “आपण राहायचं ठरवलं नाही, पण आता जायचं ठरवावं लागेल.” मी जायचे ठरवले, तो अजून तिथेच आहे. आमच्यातला शहाणा कोण, हे आम्हा दोघांनाही सांगता येत नाही, आणि फोनवर आम्ही तो विषय टाळतो. आखाती देशांत आयुष्य घालवलेले लोक भेटतात तेव्हा मला याची दुसरी बाजू दिसते: मुले तिथे जन्मतात, वाढतात, तरी मुक्कामाचा परवाना नोकरीला बांधलेला असतो, आणि नोकरी संपली की तीस वर्षांचे घर आवरावे लागते. तिथे तार निघण्याची वाट पाहण्याची चैन नाही.

तर भाचीकडे परत येतो. तिच्या उत्तरावर हसलो याची मला आता थोडी लाज वाटते. ‘खोली रिकामी होतेय’ या तीन शब्दांच्या पोटात बरेच काही होते. पहिल्या आठवड्यात खाते कोणत्या बँकेत उघडायचे, कोट कुठला घ्यायचा आणि कुठला मुळीच घ्यायचा नाही, रात्री ताप चढला तर कुणाला उठवायचे, आणि घरची आठवण येऊन रडू आले तर कुणासमोर रडता येईल, हे सगळे त्या खोलीत आधीच सामान लावून बसलेले होते. १४३ शब्दांतल्या एकाही शब्दाला ताप उतरवता आला नसता. तरीही मनात एक सल राहतोच. तिच्या विषयाची तीन फार चांगली विद्यापीठे दुसऱ्या दोन देशांत होती आणि तिने त्यांची पाने उघडूनही पाहिली नव्हती. मी तसे म्हणालो तेव्हा तिने विचारले, “मामा, तू काय लिहिलं होतंस?” माझ्या वेळी अशी चौकट नव्हती. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने नुसते वर पाहून विचारले होते, ‘का?’ आणि मी ‘शिक्षण’ म्हणालो होतो. अठरा दिवसांचे मी कुणालाच सांगितले नव्हते. तिला सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “आणि दुसरं पत्र आधी आलं असतं तर?” ते मला कधीच नीट दिसलेले नाही. त्या दुसऱ्या देशाचे हवामान सांगणारे वाक्य ऐकू आले की मी अजूनही क्षणभर थबकतो, एवढेच.

सप्टेंबरात ती गेली. पोहोचल्यावर तिने खोलीचा फोटो पाठवला: एक पलंग, उंच खिडकी, आणि भिंतीवर बाकीच्या रंगाहून उजळ असा एक चौकोन, आधीच्या मुलीने लावलेले चित्र काढून नेल्यावर उरलेला. जानेवारीत एका परिचितांच्या मुलीचा मला फोन आला. तिला बाहेर शिकायला जायचे होते, देश ठरलेला नव्हता, आणि मला यातले बरेच कळते असे तिला कुणीतरी सांगितले होते. मी उत्साहाने सुरू झालो. शिक्षणानंतर कुठे किती काळ काम करता येते, कुठली भाषा शिकावी लागेल, कुठले नियम सध्या बदलत आहेत. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग जरा चाचरत विचारले, “काका, ताईच्या घरात पुढच्या वर्षी एखादी खोली रिकामी होणार आहे का?”

मी तिला भाचीचा नंबर दिला.